कळवायचं राहिलं

ट्रक दुकानापुढे येऊन थांबला तेव्हा मी मागच्या खोलीत भाकरी थापत होते. मला उलट बरंच वाटलं. दिवाळीपासून पुण्याहून माल आला नव्हता आणि फाल्गुन लागला होता. पुढे चैत्रात गावोगावच्या जत्रा, मग लग्नसराई. ढोलक्या, टाळ, झांजा खपायची हीच वेळ. आला एकदाचा माल, असं म्हणत मी भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि बोळातून पुढे आले.

साठ सालची गोष्ट. पौडला बाजाराच्या वाटेवर आमचं वाद्यांचं दुकान होतं. आमचं म्हणजे मालकांचं. मालक पुण्याचे. त्यांची पुण्यात दोन दुकानं, मग तळेगावला, भोरला आणि पौडला एकेक शाखा. सगळ्या दुकानांना सारखीच हिरवी पाटी आणि तिच्यावर पिवळी अक्षरं. पौडची शाखा आमचे हे सांभाळायचे. हे मूळचे मुठा खोऱ्यातले, पण लहानपणी मामाकडे पुण्यात राहिले, तिथेच पेटी शिकले आणि तिथेच मालकांच्या दुकानात लागले. पौडला शाखा निघाली तेव्हा मालकांनी यांना पाठवलं. गावात यांना सगळे मास्तर म्हणायचे. पुढे दुकान आणि मागे आमच्या दोन खोल्या. मधे एक दार.

माझं माहेर लवळ्याचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन आले तेव्हा मला या दुकानाचा फार त्रास व्हायचा. गिऱ्हाईक वाजवून पाहिल्याशिवाय काही घेत नाही. सकाळपासून कुणी ढोलकी बडवतोय, कुणी पेटीचा एकच सूर दाबून धरतोय. पखवाज बघायला कुणी आलं की हे दारातून हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "अगं, कणीक दे थोडी." पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावावी लागते, नाहीतर तो घुमत नाही. आमच्या परातीतली निम्मी कणीक पखवाजांनीच खाल्ली असेल. पुढे सवय झाली. मुलगी झाली तीही त्या गलक्यातच झोपायला शिकली. दुकान शांत असलं की उलट ती जागी व्हायची.

तर मी बोळातून पुढे आले. ट्रकमधून मुख्य दुकानातले दिवाणजी उतरले. त्यांना मी ओळखत होते. दर दसऱ्याला सगळ्या शाखांची माणसं बायकापोरांसह पुण्याला जायची, वाद्यांची पूजा व्हायची, मालक स्वतः वाढायला उभे राहायचे. आदल्याच दसऱ्याला तर मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पुढच्या साली लोणावळ्यालाही दुकान काढू. तेव्हा याच दिवाणजींनी माझ्या मुलीला मांडीवर घेऊन तिच्या हातात झांज दिली होती.

दिवाणजींच्या मागे दोन हमाल उतरले. ट्रक रिकामा होता.

मी म्हणाले, "या की. ह्ये न्हाईत घरी. मुठ्याला गेल्यात पखवाज पोचवायला. सांजच्या एसटीनं येतील. माल कुटाय?"

दिवाणजी माझ्याकडे बघेनात. पाटीकडे बघत म्हणाले, "वहिनी, माल आणला नाही. न्यायला आलोय. दुकान बंद करायचंय."

माझ्या मनात आलं, कुणीतरी गेलं. कुणी गेलं की दुकानं बंद ठेवतात.

"कोन गेलं?" मी विचारलं.

"कुणी गेलं नाही. सगळे बरे आहेत."

"मंग आज बंद कशापायी?"

"आज नाही हो, वहिनी. कायमचं. पुण्याची दोन्ही बंद झाली. भोरचा माल काल नेला. तळेगावचा दुसऱ्या ट्रकनं निघालाय."

मला शब्द ऐकू आले, पण ते आत शिरेनात. मी मागच्या खोलीत भाकरी करपत असल्याचा वास घेत तिथेच उभी राहिले. मग एवढंच सुचलं, की यांच्यामागे दुकानाला हात लावू द्यायचा नाही.

"चावी म्या देनार न्हाई," मी म्हणाले. "ह्ये येऊ द्यात. सांजच्याला येतीलच."

दिवाणजींनी कोटाच्या खिशात हात घातला आणि चावी काढली. "आमच्याकडे आहे दुसरी," ते अगदी हळू म्हणाले.

दुकानाची दुसरी चावी असते हे मला माहीत नव्हतं. यांनाही माहीत नव्हतं. चार वर्षं हे रात्री कुलूप लावून ते दोनदा ओढून बघायचे, चावी देवाजवळ ठेवायचे. आणि तसलीच चावी पुण्यात कुणाच्या तरी खिशात होती. दुकान बंद होण्यापेक्षा त्या क्षणी मला त्या चावीचाच धक्का जास्त बसला.

हमालांनी फळ्या काढल्या आणि कामाला लागले. पेट्या आधी, मग तबले, ढोलक्या, मग भिंतीवरची तुणतुणी. हमाल चांगले होते, आपटत नव्हते. पण मला ते बघवेना आणि आतही जाववेना. शेजारच्या दुकानांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. घरमालकीण काकी पलीकडच्याच घरात राहायच्या. त्या डोक्यावरचा पदर सावरत आल्या.

"आगं, येवढं सामान कुटं नेत्यात?"

"दुकान बंद केलं म्हनं, काकी."

"कुनी?"

"मालकानं."

"आन तुमाला ठावं न्हवतं?"

मी नुसती मान हलवली. काकी दिवाणजींकडे वळल्या. "आवो, भाडेकरू काढायचा तरी मानूस आदी सांगतो," त्या म्हणाल्या. 

एवढ्यात हमाल आतल्या कोपऱ्याकडे वळले. त्या कोपऱ्यात दुरुस्तीला आलेली वाद्यं ठेवलेली असायची. कुणाची भाता फाटलेली पेटी, कुणाचा कातडं बदलायला दिलेला पखवाज, वरच्या डोंगरातल्या एका वाडीतून आलेल्या माणसाची ढोलकी. ती दुकानाची नव्हती, गावोगावच्या लोकांची होती. हमालानं ती ढोलकी उचलली आणि माझे पाय आपोआप हलले. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"ह्यो कोपरा दुकानाचा न्हाई. ही लोकांची हायेत. ह्येला हात लावायचा न्हाई."

हमालानं दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी म्हणाले, "वहिनी, आतलं सगळं आणा, असं मालकांनी सांगितलंय."

"मालकाला म्हनावं, हितं येऊन लोकांना सांग."

मी हमालाच्या हातातून ढोलकी घेतली आणि मधल्या दारातून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. परत आले, पखवाज नेला. पेटी जड होती. काकींनी दुसरी कडी धरली. दिवाणजी तोवर ट्रकच्या पलीकडे जाऊन उभे राहिले होते, पाठमोरे. ते मुद्दामच गेले असावेत. सगळी वाद्यं आत गेल्यावर ते इकडे आले आणि म्हणाले, "झालं का? मग निघतो." मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. असं कधी केलं नव्हतं मी. ते ट्रकमध्ये बसले. हमालानं जाता जाता पाटी उतरवली आणि मालाच्या वर पालथी टाकली.

संध्याकाळच्या एसटीनं हे आले. स्टँडवरून चालत येताना यांना कुणीतरी सांगितलं असेल, अशी माझी आशा होती. कुणी सांगितलं नव्हतं. एका हातात नारळ, खांद्यावर आंबेमोहोराची पिशवी, आणि लांबूनच बोलायला सुरुवात.

"अगं, मुठ्याच्या मंडळींनी पखवाज डोक्यावर घेतला अक्षरशः! पलीकडच्या गावालाही एक हवाय म्हणाले. उद्याच पुण्याला..."

मग त्यांची नजर पाटीच्या जागेवर गेली. तिथे भिंतीचा चौकोन पांढरा पडला होता. हे आत गेले. मी कंदील घेऊन मागे गेले. खुंट्या रिकाम्या, फळ्या रिकाम्या. जमिनीवर तुणतुण्याची एक तुटलेली तार.

"चोरी झाली?" यांनी विचारलं.

"न्हाई. मालकानं नेलं. दुकान बंद केलं म्हनाले. समदी दुकानं."

"कोण म्हणालं?"

"दिवाणजी आलते. चावी हुती त्यांच्याकडं."

यांनी एका खुंटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "काहीतरी चूक झाली असेल. मालक असं करायचे नाहीत." आणि हातपाय धुवायला गेले. जेवले. मुलीला खेळवलं. मला वाटलं होतं हे चिडतील, रडतील, निदान मला दहा गोष्टी विचारतील. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा पुढून फळ्या काढल्याचा आवाज आला. मधल्या दारातून पाहिलं तर हे रोजच्यासारखं दुकान उघडून, झाडून, गादीवर बसलेले. गादी तेवढी आमची होती म्हणून राहिली होती. डोक्यावर टोपी, अंगात कोट. मागे सगळा रिकामा खोपा.

एक शेतकरी आला. त्याला जत्रेसाठी ढोलकी हवी होती. तो आत बघून चाचरला. "मास्तर, दुकान..."

"माल यायचाय," हे शांतपणे म्हणाले. "या आठवड्यात येईल. चक्कर मारा."

 थट्टा असती तर मी समजले असते. पण हे खरंच बोलत होते, चेहऱ्यावर नेहमीचं गिऱ्हाइकाचं हसू घेऊन. शेतकरी गेल्यावर मी दारात आले.

"आवो, असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू?"

"खरं."

"खरं काय ते मलाच कुठे माहीत आहे?"

असे किती दिवस गेले ते आता नीट सांगता येणार नाही. रोज फळ्या निघायच्या, रोज हे बसायचे, आणि जो येईल त्याला "माल यायचाय" सांगायचे. लोक सुरुवातीला विचारायचे, मग नुसतेच बघून पुढे जायला लागले. पोरं बोळाच्या तोंडाशी उभी राहून खिदळायची. मला यांची भीती वाटायला लागली होती. रात्री यांचा हात हातात घेऊन बघायचे, ताप तर नाही ना.

शेवटी मीच हट्ट धरला की पुण्याला जाऊन मालकांना भेटायचं. हे नको म्हणत नव्हते, पण उठतही नव्हते. मी मुलीला दुपट्यात घेतलं, डबा बांधला आणि स्टँडवर जाऊन उभी राहिले. मग आले मागून.

पुण्यात आधी मोठ्या दुकानाकडे गेलो. एक रंगारी शिडीवर चढून पिवळी अक्षरं खरवडत होता. निम्मी गेली होती. खाली वाळूचा ढीग पडला होता. हे त्या रंगाऱ्याला म्हणाले, "जपून हो, जपून," जणू ती पाटी पुन्हा लावायची होती.

वाटेत बसमध्ये यांनी मला सगळी कारणं सांगितली होती, जी यांनी मनात जुळवली होती. मालक आजारी असतील. धंद्यात बुडाले असतील. मुलांनी भांडून वाटण्या केल्या असतील. प्रत्येक कारणाला यांच्याकडे उत्तर तयार होतं. आजारी असतील तर मी पौडचं एकटं चालवतो म्हणावं. बुडाले असतील तर थोडे दिवस पगार नको. हे यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

तिथून मालकांच्या घरी गेलो. मालक झोपाळ्यावर बसले होते. चांगले ताजेतवाने. आम्हाला बघून उठले. "अरे, या या! वहिनीपण? वा. छोकरी मोठी झाली की." आतून पोहे आले. मालकांनी मुलीला जवळ घेतलं. यंदा भात कसा पिकला ते विचारलं. हे पोह्यांची बशी हातात धरून बसले होते. एक घास खाल्ला नाही.

मग यांनीच विचारलं, "मालक, दुकान... काय झालं?"

"काही झालं नाही हो," मालक म्हणाले. "कंटाळा आला."

त्यांनी पायानं झोपाळ्याला झोका दिला.

"चाळीस वर्षं तेच ते. मुलं दुसऱ्या उद्योगात. जागेला गिऱ्हाईक चांगलं आलं. म्हटलं, बास. आता सकाळी फिरायला जातो, देवळात जातो. पौडचं तुम्ही छान चालवलं होतं. खरं सांगतो, सगळ्यात चांगलं पौडचंच होतं."

"मग आम्हाला..." यांनी बशी खाली ठेवली.

मालकांनी कपाळावर हात मारला, अगदी मनापासून. "हो की! तुम्हाला कळवायचं राहिलंच. या गडबडीत राहूनच गेलं बघा."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. छत्री विसरावी तसे ते आम्हाला विसरले होते. मी लवळ्याची, माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. मी म्हणाले, "बैल इकताना बी मानूस गड्याला सांगतो, मालक. तुमी आमाला बैलाच्या गड्यायेवढं बी धरलं न्हाई."

मालक चमकले. यांनी माझ्याकडे पाहिलं, पण गप्प बस म्हणाले नाहीत. तेवढ्यात मालकीणबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन बाहेर आल्या. त्यांनी काही ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. मला कुंकू लावलं, ओटीत खण आणि नारळ घातला. ओटी नाकारायची नसते. मी डोळ्यांत पाणी घेऊन, दात आवळून, त्यांना वाकून नमस्कार केला. आजही आठवलं की माझ्या जबड्याला तो ताण जाणवतो.

बाहेर येऊन हे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मी वाट बघत उभी राहिले. हे म्हणाले, "काहीतरी कारण असायला हवं होतं गं." एवढंच. परत येताना भूगावचा चढ लागेपर्यंत हे खिडकीतून बाहेर बघत होते आणि मुलगी यांच्या मांडीवर झोपली होती.

तरी दुसऱ्या दिवशी यांनी फळ्या काढल्याच. मी त्या दिवशी रडले. मला वाटलं, हा माणूस आता असाच बसणार.

जत्रा उलटून गेल्यावर एका बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाडीवरचा तो माणूस आला, ज्याची ढोलकी आमच्या स्वयंपाकघरात होती. डोक्यावर करवंदांची पाटी. तो दुकानासमोरून सरळ पुढे चालला होता. मीच खिडकीतून हाक मारली.

"आवो, ढोलकी न्या की तुमची!"

तो थबकला. "हाय व्हय?"

"हाय म्हंजे? कवाच मढवून ठिवल्या."

"मला वाटलं, टरकात गेली आसंल," तो म्हणाला. "मागल्या बाजाराला आलो तवा दुकान रिकामं दिसलं. म्हनलं, गेली."

"मग इचारायचं तरी!"

"कुनाला इचारनार? दुकानच न्हाई." तो हे रागानं बोलला नाही. "जत्रा तशीच केली. पोरांनी डबा वाजिवला पत्र्याचा."

हे गादीवर बसून ऐकत होते. ढोलकी आमच्या भिंतीपलीकडे टांगलेली, आणि तिकडे वाडीची जत्रा डब्यावर झाली, कारण हे रोज तिथे बसूनही कुणी यांना विचारण्यासारखं दुकान उरलं नव्हतं.  हे उठले, स्वतः आत जाऊन ढोलकी घेऊन आले, चार बोटं मारून तिचा आवाज बघितला, एक दोरी ओढून घट्ट केली आणि त्याच्या हातात दिली. "माझी चूक झाली," हे म्हणाले. तो माणूस गोंधळला. त्यानं करवंदांची ओंजळ आमच्या उंबऱ्यावर ठेवली आणि गेला.

त्या दुपारी यांनी फळ्या लावल्या त्या पुन्हा काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हे एकेक वाद्य खांद्यावर घेऊन ज्याचं त्याच्या गावाला पोचवायला लागले. एसटी जाईल तिथवर एसटीनं, पुढे पायी. सगळी वाद्यं पोचल्यावर यांनी पिरंगुटकडच्या एका भातगिरणीत नोकरी धरली.

काकींनी पुढची खोली खताच्या दुकानाला दिली, पण आम्हाला मागच्या खोल्यांतून हलवलं नाही. कचेरीत बदलून आलेले एकटे कारकून जेवायची सोय शोधत असायचे, त्यांना मी जेवायला घालायला लागले. आधी दोघे, मग वाढत गेले. आमचं बरं चाललं. यांनी पेटीला मात्र पुन्हा हात लावला नाही. देवळातल्या भजनाला बोलावणं आलं की "बोटं गेली आता" म्हणायचे. बोटं चांगली होती. रात्री जेवताना पाटावर चालायची, मी बघत असे.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मालकांचं मोठं दुकान होतं ती सगळी गल्ली बुडाली. ज्यानं ती जागा घेतली होती त्याचं फार नुकसान झालं म्हणे. गिरणीत कुणीतरी यांना विचारलं, "मास्तर, तुमची ती वाद्यांची दुकानं पुरात गेली काय?"

हे म्हणाले, "हो. पुरात गेली."

मी त्या दिवशी गिरणीत डबा द्यायला गेले होते, म्हणून माझ्या कानावर पडलं. मी चकित होऊन यांच्याकडे पाहिलं. यांनी नजर चुकवली नाही. पुढे हळूहळू सगळ्यांना हेच माहीत झालं. माझ्या मुलीच्या सासरी तर हे ती हकिगत रंगवून सांगायचे. पाणी कसं चढलं, पेट्या कशा तरंगत गेल्या, मालक कसे माडीवर उभे राहून रडत होते. जावई डोळे विस्फारून ऐकायचा. मुलगी मला विचारायची, "आई, तू पण होतीस का तेव्हा?"

मी म्हणायचे, "होते की," आणि वाढायला उठायचे.